आगोटीत आलेली समिती

पंधरा दिवसांपूर्वी गॅलरीतून टॉवेल आत घेतला तर त्याला सुक्या बोंबलांचा वास येत होता. टॉवेल सकाळीच धुतलेला. वास तळ्याकडून वाऱ्यावर आलेला. शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाली, "आगोट लागली वाटतं," आणि तिने टॉवेल पुन्हा बादलीत टाकला. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, पण वर्षातले काही दिवस आमचे टॉवेल मांसाहारी असतात.

पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी करून ठेवायचे हे दिवस. होड्या किनाऱ्याला ओढल्या की ताजी मासळी दुर्मीळ होते, म्हणून त्याआधी सुकं घरात भरून ठेवायचं, ही इकडची रीत. पनवेलला तळ्यांची कमतरता नाही. त्यातल्या आमच्या तळ्याच्या काठी बोंबील, जवळा, वाकट्या यांचे ढीग लागतात. सोडे मात्र ढिगाने नसतात. सोललेली, वाळवलेली कोळंबी ती. तिला स्वतंत्र डबा आणि मालकिणीची स्वतंत्र नजर असते. शेजारी पांढऱ्या कांद्याच्या माळा, कडवे वाल, आमसुलं. एरवी तारीख वाचल्याशिवाय बिस्किटाचा पुडा न घेणारी माणसं मोठमोठ्या गाड्यांतून उतरतात, या ढिगांपुढे उकिडवी बसतात आणि चिमूटभर जवळा नाकाशी नेऊन डोळे मिटतात. शहर झाल्याचं पनवेल त्या दिवसांत थोडं विसरतं.

मी तिथे वाल घ्यायला जातो. वाल घेऊन झाले तरी रेंगाळतो. हिराबाय मला गेली कित्येक वर्षं रेंगाळताना बघते आहे. उरणकडच्या एका गावातून ती येते, एका मोबाइल कंपनीच्या फाटक्या छत्रीखाली बसते, आणि मी शाळेत इतिहास शिकवत होतो एवढं तिला पुरेसं आहे.

"मास्तर, नुसता वास घेतोस. त्याचे पैशे कोन देनार?"

"वासाचे कसले पैसे?"

"मंग नाक घरी ठेवून ये."

या संवादात आजवर काही भर पडलेली नाही, आणि पडावी अशी आमच्यापैकी कुणाचीच इच्छा नाही.

पण दोन वर्षांपूर्वीच्या आगोटीत ही हिराबाय गप्प होती. चिडलेली हिराबाय मी पाहिली होती, भांडणारी तर रोजच, गप्प प्रथमच. चौकशी केली तर तिने मानेने रस्त्यापलीकडचं सकीनाखालाचं बैठं घर दाखवलं. "ते जानार," एवढंच म्हणाली.

घर जाणार म्हणजे काय जाणार, हे मला कळायला थोडा वेळ लागला. पुरुषांना अशा गोष्टी कळायला लागतो तेवढा. बाजारातल्या बायका पहाटे घर सोडतात आणि दिवेलागणीला परत पोचतात. मधल्या वेळात त्यांच्यासाठी या सगळ्या काठावर एकच सोय होती: सकीनाखालाच्या परसातलं न्हाणीघर आणि संडास. खालाच्या सासूच्या काळापासून ते परसदार दिवसा उघडं असे. कुणी विचारायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत. चपला बाहेर काढायच्या आणि बादली भरून ठेवायची, इतकाच कायदा. आता खालाच्या मुलाने, जो आखातात नोकरीला असतो, बिल्डरशी बोलणी पक्की केली होती. तिथे उंच इमारत होणार होती, आणि खाला तळोज्याला मुलीकडे राहायला जाणार होती. दुसरी जागा शोधायची तर बाजार सोडून एवढं लांब जावं लागे की परत येईपर्यंत मांजरांनी दुकान चालवलं असतं.

त्याआधीच्याच वर्षी हिराबाय मूत्रपिंडाच्या दुखण्याने दवाखान्यात होती.

"डाक्टर बोलला, रोकून धरू नको, पानी पी. म्हनलं, पिते. मंग जाव कुटं? तुज्या दवाखान्यात?" आणि मग माझ्याकडे न बघता, "ते घर गेलं तं माजा धंदा पन गेला, मास्तर. या वयात मना आता सोसत नाय."

नेमक्या त्याच दिवसांत आमचं शहर स्पर्धेत उतरलं होतं.

राज्य सरकारने लोकविकासाच्या कामांसाठी निधी जाहीर केला होता, पण तो नुसता वाटला जाणार नव्हता. शहरांनी तो जिंकायचा होता. ज्याचा प्रस्ताव सरस, त्याला पैसा. मी जन्मभर मुलांच्या निबंधस्पर्धा घेतल्या आहेत आणि त्यात बहुधा कोण जिंकतं हे मला माहीत आहे: ज्याच्या निबंधात गाय कमी आणि सुभाषितं जास्त, तो. आता शहरांनी रस्ते आणि गटारं यांसाठी निबंध लिहायचे होते. तहानलेल्या माणसाने पाण्यावर आधी भाषण करून दाखवावं, तसा हा प्रकार. पण तहान खरी असली की माणूस भाषणही करतो.

आमच्या भागाचा प्रस्ताव तळ्याचा होता, आणि त्यासाठी नागरिकांची एक समिती नेमली गेली होती. अध्यक्षपदी भाऊ. भाऊंच्या वाडवडिलांची मिठागरं होती. त्यांचा स्वतःचा रेती-सिमेंटचा व्यवसाय आहे. आणि पांढऱ्या कपड्यांवर इतका विश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मला समितीत घेतलं ते माझ्या मराठीसाठी. "मास्तर, तुम्ही फक्त शब्द टाका," भाऊ म्हणाले. जणू खडी त्यांची, शब्द माझे.

आराखडा करायला पुण्याहून चिन्मय नावाचा सल्लागार आला होता. त्याने ड्रोन उडवून तळ्याचं चित्रण केलं. वरून पाहिलं तर आमचं तळं परदेशातलं वाटत होतं. म्हणजे स्वच्छ दिसण्यासाठी त्याच्यापासून बरंच उंच जावं लागत होतं. मग पडद्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. संगीतावर नाचणारं कारंजं. काचेचा सज्जा. फोटो काढण्याची जागा. शहराच्या नावाची माणसाएवढी झगमगती अक्षरं. ही अक्षरं हल्ली सगळ्या शहरांत असतात. आपण कुठे आहोत हे लोक विसरतील अशी भीती सर्वांनाच वाटत असावी.

"यात बाजारातल्या बायकांसाठी संडास टाकू या," मी म्हणालो.

सभागृहात सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिलं. चिन्मयने मात्र टाइप केलं आणि दाखवलं: 'महिला विक्रेत्या स्वच्छता व विश्राम संकुल'. माझ्या एका शब्दाला त्याने पाच पर्यायी शब्द शोधले होते. "सर, घटक म्हणून वेगळा टाकतो," तो म्हणाला. "लोकसहभागाला गुण आहेत." कारंज्याखाली, अक्षरांखाली, अगदी तळाशी तो घटक जाऊन बसला.

मी हिराबायला जाऊन सांगितलं. तिने विचारलं, "पैशे मिळाले तं बांधनार?"

"मिळाले तर."

"आनी नाय मिळाले तं?"

मी आणखी पावशेर वाल घेतले.

राज्याची समिती पाहणीला येणार असं कळलं आणि शहराला घाम फुटला. जुन्या काळी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असायचा, त्यात खुर्च्या शेजारच्यांच्या असत, कपबश्या मावशीच्या असत आणि पोहेही मुलीने केलेले नसत. अगदी तसंच चाललं होतं. फुलझाडांच्या कुंड्या भाड्याने आल्या. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला. रस्त्याच्या कडेला पिवळा-पांढरा रंग इतका घाईने मारला की तिथे झोपलेल्या एका कुत्र्याच्या पाठीवर पुढे कित्येक दिवस एक पट्टा होता. आणि मग भाऊंच्या ध्यानात आलं की सगळ्यात मोठी अडचण तर समोरच बसली आहे, आणि तिला वास येतो आहे.

पाहणीच्या दिवशी बाजार मागच्या शाळेच्या पटांगणात हलवायचा, असं भाऊंनी ठरवलं. भर आगोटीत. गणपतीच्या आदल्या दिवशी फुलवाल्याला सुट्टी घ्यायला सांगावं, तसं.

"एक दिवसाचा प्रश्न आहे, हिराबाय," भाऊ म्हणाले. "शहराची इज्जत आहे."

"भाऊ, तुजी आय हितंच बसायची. माज्या बाजूला. तिला पन टाकली असतीस का शालंत?"

भाऊंच्या पांढऱ्या कपड्यांवर त्याने डाग पडला नाही, पण त्यांनी खांदा झटकल्यासारखं केलं. "तुज्याच संडासासाठी चाललंय ना सगलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. घरची बोली त्यांना अशा वेळी परत येते. त्या वाक्यापुढे हिराबायचा इलाज चालला नाही. तिने टोपल्या उचलल्या.

रिकाम्या जागेचं काय करायचं? तिथे 'आदर्श विक्री दालन' उभं राहिलं. एकसारखी टेबलं, निळ्या सतरंज्या, पारदर्शक डबे आणि डब्यांवर छापील नावं. विक्रीला आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या बायका, एकसारख्या मोरपिशी साड्यांत. "त्या नीट बोलतात," असं कारण भाऊंनी दिलं. अशा रीतीने, जिने आयुष्यात मासळीला हात लावलेला नाही ती माझी पत्नी भर आगोटीत सुक्या मासळीची विक्रेती झाली.

"अहो, नाकात कापूर घातलाय मी," ती जाताना म्हणाली. "दिसत नाही ना?"

डब्यांत माल हवा होता. तो भाऊंनी हिराबायकडून मागून आणला. तिचे सोडे म्हणजे बाजारातले उत्तम. ते शैलाच्या टेबलावर मधोमध ठेवले गेले. संध्याकाळी परत करण्याच्या बोलीवर.

समिती आली. तीनच माणसं होती, आणि स्वागताला आम्ही तीनशे असू असा भास व्हावा इतका गोंगाट. लेझीम झालं. औक्षण झालं. समितीच्या प्रमुख एक पन्नाशीच्या बाई होत्या. साधी सुती साडी, पायांत सपाट चपला, आणि चेहऱ्यावर महाराष्ट्रभर लेझीम पाहून आलेल्या माणसाचा सोशिकपणा. कारंज्याची नियोजित जागा त्यांनी पाहिली. काचेच्या सज्ज्याची नियोजित जागा पाहिली. दोन्ही ठिकाणी सध्या पाणी होतं. मग त्या विक्री दालनापाशी आल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. आगोट ही काय चीज आहे, हे आम्ही विसरलो होतो. बाई मूळच्या किनाऱ्याकडच्या निघाल्या. आणि घरची बेगमी अजून व्हायची होती.

"सोडे छान दिसतायत," त्या शैलाला म्हणाल्या. "कसे दिले?"

महिला मंडळाला स्वच्छतेवर, सक्षमीकरणावर आणि तळ्याच्या इतिहासावर उत्तरं पाठ करून दिली होती. भाव कुणी सांगितलाच नव्हता. शैलाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं. मग तिने, एका कर्तव्यदक्ष गृहिणीला जो भाव तोंडपाठ असतो, तो सांगितला. वांग्यांचा.

बाईंनी डोळे बारीक केले. "किलोचा?"

"हो. एकच भाव आहे," शैला ठामपणे म्हणाली.

"मग सगळेच बांधा."

शैला पिशवी शोधू लागली. तेवढ्यात मागच्या दोरीपलीकडून एक आवाज आला. तो आवाज लेझमाच्या वर, बँडच्या वर, भाऊंच्या ध्वनिक्षेपकाच्या वर होता.

"ए मास्तरनी! थांब! माजे सोडे हायत ते! घरचं दान करतेस का?"

हिराबाय शाळेत गेलीच नव्हती. आपला माल दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून कुठली विक्रेती झोप काढते? ती सकाळपासून दोरीमागे उभी राहून डब्यावर पहारा देत होती. आता ती दोरीखालून वाकून आली, कुंड्या ओलांडून आली, आणि तिने दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला.

भाऊ पुढे धावले. "मॅडम, ह्या... ह्या जरा..."

"ह्या कोण?" बाईंनी विचारलं.

"मी कोन? ही माजी जागा हाय, बाय. हिला इचार," हिराबाय शैलाकडे हनुवटी करत म्हणाली. "हिला बोंबील आनी खोबरं यात फरक कळत नाय."

"खरं आहे," शैला म्हणाली. तिचं मी या लेखातून जाहीर कौतुक करतो. कापरामुळे आवाज थोडा सानुनासिक आला, पण ती पुढे म्हणाली, "मी समोरच्या सोसायटीत राहते. इथे ह्याच बसतात. त्यांना आज शाळेत पाठवलंय."

त्यासरशी कुंड्यांतली फुलंसुद्धा भाड्याची दिसू लागली. बाईंनी हातातल्या कागदांची पानं उलटली, अगदी शेवटच्या पानापर्यंत. "महिला विक्रेत्या स्वच्छता व विश्राम संकुल," त्यांनी वाचलं. "हे तुमच्यासाठी का?"

"ते काय ते मना नाय ठावं. आमाला संडास पायजे."

"आत्ता कुठे जाता?"

हिराबाय वळली. डबा काखेत मारला आणि चालू लागली. बाई तिच्यामागे, बाईंमागे समिती, समितीमागे भाऊ, भाऊंमागे ज्याला आता काय वाजवावं ते कळत नव्हतं असा बँड. रस्ता ओलांडून सगळी वरात सकीनाखालाच्या दारात उभी राहिली.

खाला भाजी निवडत होती. तिने मिरवणूक पाहिली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "या अल्ला, आजच पाडायला आले काय?"

"नाय गं खाला. ह्या बायला आपली मोरी दाखवायची हाय."

"मग येऊ दे ना." मग ती माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही तरी बसा, उभे काय राहिलात. बँडवाल्यांना बोला, माझं डोकं खाऊ नका." तिने बाईंना परसदार दाखवलं, बादली दाखवली. बाई आत गेल्या. पुरुष मंडळींनी एकाच वेळी वर, पत्र्यावर बसलेल्या कावळ्याकडे पाहिलं. बाई बाहेर आल्या तेव्हा पदराला हात पुसत होत्या, आणि पाहणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल दिसत होता.

"किती वर्षं हे असं चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"मी लग्न करून आले तेव्हा चालू होतं," खाला म्हणाली. "आता मी जाणार. यांना कुठे टाकून जाऊ, बोला."

बाईंनी कागद मिटले. निघताना त्यांनी सोडे घेतले. हिराबायच्या भावाने, आणि घासाघीस करून. ती दोघींनीही मन लावून केली.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते एका दुखऱ्या दाढेसारखे. निकाल लागत नव्हता. भाऊ माझ्याशी बोलत नव्हते. शहराची अब्रू माझ्या बायकोने वांग्यांच्या भावात विकली, असं त्यांचं मत होतं. मला रात्री वाटायचं, त्यांचं खरं असेल तर? खोटं नीट वठलं असतं तर कदाचित पैसेही मिळाले असते, आणि कारंज्याच्या ओघात तो तळाचा घटकही पार पडला असता. खरेपणाला गुण असतात असं मी मुलांना शिकवत आलो, पण गुणपत्रिकेत तसा रकाना मी कधी पाहिलेला नाही. खाला बिल्डरला दर महिन्याला नवीन कारण देत होती. आधी गुडघा. मग मोहरम. मग मुलगा सुट्टीवर आल्याशिवाय सामान हलणार नाही. एकदा म्हणाली, "सर, माझ्याकडची बिमारी संपत आली. जरा वर कळवा."

दिवाळी होऊन गेल्यावर निकाल लागला. पहिल्या क्रमांकांत आम्ही नव्हतो. कारंजं कुठल्याशा दुसऱ्या शहराला मिळालं. त्याला माझ्या मनापासून शुभेच्छा. आमच्या प्रस्तावातला फक्त एक घटक, प्रत्यक्ष पाहणीत गरज दिसल्यामुळे, मंजूर झाला होता. निबंधस्पर्धेत ज्याला उत्तेजनार्थ म्हणतात, ते. मोठ्या बक्षिसांपेक्षा उत्तेजनार्थ मिळालेली मुलं पुढे बरी निघतात, असं माझं निरीक्षण आहे, पण ते मी भाऊंना सांगितलं नाही. हिराबायला निकाल सांगितला तेव्हा ती जवळा पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मास्तर, आज वास फुकट."

त्या संध्याकाळी मी तळ्याला फेरी मारली. पाणी नेहमीसारखं हिरवं होतं, एक कासव दगडावर बसून कशाचीही वाट बघत नव्हतं, आणि कुठूनही संगीत येत नव्हतं. कित्येक महिन्यांनी मला पोटभर श्वास घेता आला. आपल्याला हवं ते मिळणं आणि नको ते टळणं, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून येतात असे दिवस फार नसतात.

मग बांधकाम झालं, जसं होतं तसं, म्हणजे थांबत थांबत. तोवर खालाला बिल्डरसाठी आणखी कारणं सुचत राहिली. आणि गेल्या आठवड्यात, या आगोटीत, त्याचं उद्घाटन ठरलं. मांडव पडला. लाल फीत लागली. भाऊ नव्या पांढऱ्या कपड्यांत होते आणि ही कल्पना मुळात त्यांचीच असल्याचं फलकावर लिहिलं होतं. माझी हरकत नाही. कुणाची तरी असायला हवीच. खाला पुढच्याच आठवड्यात तळोज्याला जायची होती. हिराबायने तिला पहिल्या रांगेतल्या, पाहुण्यांसाठी राखलेल्या खुर्चीवर नेऊन बसवलं होतं, आणि तिथून तिला उठवण्याची कुणाची छाती नव्हती.

प्रमुख पाहुणे येत होते. ते बराच वेळ येत होते. "साहेब कोन गावापर्यंत आलेत," असं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच सांगितलं गेलं. द्रुतगती महामार्गावर साहेबांची गती कशामुळे खुंटली होती कोण जाणे. ऊन चढलं. बाजारातल्या बायका टोपल्या सोडून मांडवात खोळंबल्या होत्या. पहाटेपासूनच्या.

हिराबाय उठली. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल. ती सरळ दारापाशी गेली आणि वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी वर करावी तशी तिने फीत वर केली.

"अगं हिराबाय! उद्घाटन व्हायचंय!" भाऊ व्यासपीठावरून ओरडले.

"तुजं होऊ दे आरामात. माजं थांबत नाय."

ती आत गेली. फीत हलली ती पाहून बँडला वाटलं साहेब आले. त्यांनी जोरात सुरुवात केली, आणि मग भाऊंचे हातवारे पाहून जशी केली तशीच बंद केली. हसू दाबण्याचा एक सार्वजनिक प्रयत्न मांडवात झाला. तो खालानेच प्रथम सोडून दिला.

हिराबाय बाहेर आली. ओले हात लुगड्याला पुसले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "पानी येतंय. कडी पन लागते. या गो."

बायका उठल्या. साहेब अखेर पोचले तेव्हा फीत जागच्या जागी होती आणि तिच्याखालून रांग चालू होती. कुणीतरी तबकातली कात्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी फितीकडे पाहिलं, वाकून आत जाणाऱ्या बाईकडे पाहिलं, तिच्यामागच्या बायकांकडे पाहिलं, आणि कात्री हातात धरून ते निमूटपणे बाजूला उभे राहिले, रांग संपेपर्यंत.